या वाक्यात कर्ता कोण?

बाबांच्या तक्रारीवर बँकेकडून आलेलं पत्र जेमतेम चार ओळींचं होतं. ‘आपली तक्रार प्राप्त झाली आहे. प्रकरणाची शहानिशा करण्यात आली असून सदर योजना आपल्या संमतीनेच देण्यात आल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ त्याखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, की पत्र संगणकावर तयार झालेलं असल्यामुळे सहीची आवश्यकता नाही.

बाबांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे लाल पेन मागितलं. एकेका क्रियापदाखाली त्यांनी रेघ ओढली. झाली आहे. करण्यात आली असून. देण्यात आल्याचे. निदर्शनास आले आहे. काढण्यात येत आहे. मग समासात, पूर्वी मुलांच्या वह्यांमध्ये लिहायचे त्याच तिरक्या अक्षरात, दोन शब्द लिहिले: ‘कर्ता कोण?’

बाबांनी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. व्याकरणाच्या तासाला ते सांगायचे, क्रियापदाला विचारा, करणारा कोण? उत्तर आलं की कर्ता सापडला. कर्मणी प्रयोगातही कर्ता नाहीसा होत नाही, यावर त्यांचा भर असे. ‘रावण रामाकडून मारला गेला’ असं म्हटलं तरी राम त्या वाक्यात असतोच, फक्त मागच्या रांगेत जाऊन उभा राहतो. बँकेच्या पत्रात मागची रांगसुद्धा रिकामी होती.

झालं होतं ते असं. बाबांच्या मुदत ठेवीची मुदत संपली, म्हणून ते शाखेत गेले. तीच ठेव पुन्हा ठेवायची होती, दुसरं काही नाही. तिथला एक मुलगा त्यांच्या चांगल्या ओळखीचा. चार वर्षं बाबांना काका म्हणत होता, पासबुक भरून द्यायचा, खुर्ची पुढे करायचा. त्याने सांगितलं, ‘काका, यापेक्षा चांगलं आहे. ठेवीसारखंच, फक्त परतावा जास्त.’ कागदांवर पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या, तिथे सह्या करायच्या. बाबा म्हणाले, घरी नेऊन वाचतो. तर आज शेवटचा दिवस आहे असं सांगण्यात आलं.

बघा, माझ्याही हातून तेच उतरलं. सांगण्यात आलं नाही. त्याने सांगितलं.

दोन दिवसांनी खातरजमा करायला फोन आला. ‘आपल्याला योजनेच्या अटी समजल्या आहेत ना?’ बाबा हो म्हणाले. ओळखीच्या मुलाने काम केलं होतं, नाही कसं म्हणणार? वर्षाने दुसऱ्या हप्त्याची सूचना आली तेव्हा कळलं की ठेव कुठेच नव्हती. ती १० वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती, आणि बाबा तेव्हा ७२ वर्षांचे होते. हातात पडलेली पॉलिसी परत करायला मोजके दिवस मिळतात, ते केव्हाच उलटले होते. मध्येच सोडली तर भरलेल्यातला थोडाच भाग परत मिळणार होता. तो मुलगा बदली होऊन गेला होता. त्याच्या जागी आलेल्या बाई म्हणाल्या, पॉलिसी विमा कंपनीची आहे, शाखा फक्त मध्यस्थ. विमा कंपनी म्हणाली, विक्री शाखेत झाली आहे. मग आम्ही लेखी तक्रार केली आणि हे चार ओळींचं उत्तर आलं. प्रकरण आता ग्राहकांच्या अशा तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांकडे आहे.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. पत्र आलं त्या रात्री मी बाबांची जुनी फाइल काढून बसले, आणि तिच्यातल्या जाहिराती वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बँकांवर, ब्रोकरांवर, विम्यावर माझा विश्वास उरलेला नाही. तरीही याच लोकांच्या ४०-५० वर्षांपूर्वीच्या जाहिराती मला इतक्या जवळच्या का वाटतात, हे मला स्वतःला समजून घ्यायचं होतं.

त्या फाइलविषयी सांगायला हवं. बाबांना इंग्रजी सुधारायचं होतं. जुनी परदेशी मासिकं मिळतील तिथून ते आणायचे आणि लेखांपेक्षा जाहिराती जास्त आवडीने वाचायचे. जाहिरातीतलं वाक्य तासून घेतलेलं असतं, त्यात एक शब्द फुकट नसतो, असं म्हणायचे. आवडलेली जाहिरात कापून कोऱ्या कागदावर चिकटवायची आणि बाजूला पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहायचे. मोटारी होत्या, घड्याळं होती, पण जास्तीत जास्त कात्रणं पैशांच्या व्यवहारातली. त्यातल्या ओळी शांत आणि मोठ्या माणसाने बोलल्यासारख्या असत, म्हणून असेल. मी इंग्रजी शिकले ते या फाइलवर. आणि गेली १९ वर्षं बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जाहिराती, माहितीपत्रकं, अर्ज इंग्रजीतून मराठीत आणणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे.

फाइलमध्ये पहिलं कात्रण ई. एफ. हटनचं. अमेरिकेतली ही ब्रोकर कंपनी १९०४ साली सुरू झालेली. तिची टीव्हीवरची जाहिरात मी पुष्कळ उशिरा, इंटरनेट आल्यावर पाहिली. गजबजलेली जागा आहे, दोघं आपसांत बोलताहेत. एक जण म्हणतो, ‘माझा ब्रोकर ई. एफ. हटन आहे, आणि हटनचं म्हणणं असं की...’ एवढ्यात आजूबाजूचं सगळं थांबतं. लोक माना वळवतात, कान पुढे करतात. हटनचं म्हणणं काय, ते आपल्याला शेवटपर्यंत ऐकू येत नाही. फक्त निवेदकाचा आवाज येतो: ‘ई. एफ. हटन बोलतो, तेव्हा लोक ऐकतात.’ सत्तरच्या दशकातल्या या जाहिरातीची तिथे इतकी सवय झाली होती, की चार माणसांत एकदम शांतता पसरली तरी कुणीतरी हे वाक्य म्हणायचं.

बाबांनी त्या कात्रणावर लिहिलंय, ‘दोन कर्ते, दोन क्रियापदं, अर्धविराम लागत नाही.’ व्याकरण शिकवणाऱ्याला जे दिसायचं ते दिसलं.

मला त्यात दुसरं दिसतं. एका बाजूला बोलणारा आहे, दुसऱ्या बाजूला ऐकणारे आहेत. बोलणाऱ्याला नाव आहे. उद्या तो खोटं बोलला तर कोण खोटं बोललं हे सांगायला शोध घ्यावा लागणार नाही.

आणि तो खोटं बोललाच. मे १९८५ मध्ये हटनने ‘मेल आणि वायर फ्रॉड’चे, म्हणजे टपाल आणि तार-फोन वापरून केलेल्या फसवणुकीचे, २,००० आरोप न्यायालयात कबूल केले. खात्यात असलेल्या रकमेपेक्षा जास्त रकमेचे चेक एका बँकेतून दुसऱ्या बँकेत फिरवायचे, ते वटेपर्यंतच्या दिवसांत बँकांचा पैसा बिनव्याजी वापरायचा, असा तो प्रकार होता. २० लाख डॉलरचा दंड झाला. दोन-अडीच वर्षांत कंपनी दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली. फाइलमधल्या कात्रणावर मला ही तारीख लिहून ठेवावीशी वाटते, पण पेन टेकवत नाही. त्या कागदावर बाबांच्या तरुणपणाचं अक्षर आहे.

तेव्हा जुन्या जाहिराती खऱ्या होत्या आणि आताच्या खोट्या आहेत, असं मी म्हणत नाही. असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. हटनची जाहिरात गाजत होती त्याच काळात हटनच्या कचेरीत ते चेक फिरत होते. स्मरणरंजनात माणूस आवाज लक्षात ठेवतो आणि तारखा विसरतो. मला दोन्ही लक्षात ठेवायचं आहे.

आवाजाचं म्हणाल, तर जॉन हाउसमनचा आवाज मी कधीच विसरणार नाही. हा माणूस आयुष्यभर नाटक-सिनेमाच्या निर्मितीत होता. सत्तरी गाठल्यावर कायद्याच्या एका कडक प्राध्यापकाची भूमिका केली आणि त्याला ऑस्कर मिळालं. मग स्मिथ बार्नी या ब्रोकर कंपनीने त्याला आपल्या जाहिरातींत घेतलं. बो टाय, सूट, एकेक शब्द तोलून बोलणं. कॅमेऱ्याकडे रोखून बघत तो म्हणायचा, की स्मिथ बार्नीचे लोक पैसा जुन्या पद्धतीने मिळवतात. मग थांबायचा. मग, ‘दे अर्न इट.’

हे वाक्य मराठीत आणायचा प्रयत्न मी किती वेळा केला असेल! ‘मेक मनी’ आणि ‘अर्न’ यांतलं अंतर हा त्या ओळीचा प्राण आहे. बाबांनी कात्रणाच्या बाजूला लिहिलंय, ‘अर्न म्हणजे कमावणे. मिळवणे वेगळे.’ आणि खरंच, कमावणं हा आपला फार मोठा शब्द आहे. पैसा कमावतात तसं शरीर कमावतात, गाणारा आवाज कमावतो, चांभार कातडं कमावतो. ज्यावर रोज मेहनत पडली आहे आणि जे त्या मेहनतीने बदललं आहे, ते कमावलेलं. नुसतं हाती आलेलं ते मिळालेलं. मी शेवटी केलेलं भाषांतर असं: ‘पैसा मिळवायची यांची रीत जुनी आहे. हे तो कमावतात.’ अजून समाधान नाही. ‘हे’ या शब्दावर हाउसमनचं ते थांबणं बसत नाही.

ही जाहिरात ज्या सुमारास आली, त्या १९७९ साली गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत ६० टक्के अमेरिकन लोकांनी बँकांवर भरपूर विश्वास असल्याचं सांगितलं होतं. २०१२ साली हा आकडा २१ टक्क्यांवर आला. मधल्या काळात काय काय घडलं याची यादी करायला बसले तर पान पुरणार नाही. त्यातलं एक स्मिथ बार्नीच्याच नावावर आहे. ती कंपनी सॉलोमन स्मिथ बार्नी म्हणून सिटीग्रुप या बँकसमूहात असताना तिचा दूरसंचार क्षेत्राचा प्रसिद्ध विश्लेषक जॅक ग्रबमन याच्यावर २००३ च्या तडजोडीत या व्यवसायातून आजन्म बंदी आली आणि १.५ कोटी डॉलरचा दंड झाला. त्या वेळी लोकांना ती जुनी ओळ आठवली. ‘कमावतात’ म्हणाला होतात ना? दाखवा, कसं कमावलंत.

मी जे सांगू बघते आहे ते इथे आहे. वचन दिलेलं होतं. ते मोडलं, पण मोडायला ते आधी अस्तित्वात होतं. ग्राहकाच्या हातात एक वाक्य होतं आणि त्या वाक्यात कर्ता होता.

या सगळ्या जाहिरातींमध्ये माझी सर्वांत लाडकी जाहिरात मात्र फाइलमध्ये नाही. ती मला नंतर सापडली. १९४८ सालची, मेरिल लिंच या अमेरिकन ब्रोकर कंपनीची, न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर आलेली. लुई एंजल हा पूर्वीचा पत्रकार तेव्हा मेरिल लिंचच्या जाहिरातींचं काम बघत होता. शेअर आणि रोखे यांच्या धंद्याबद्दल प्रत्येकाला काय ठाऊक असायला हवं, असा तिचा मथळा. खाली ६,००० हून जास्त शब्द. चित्र नाही, हसरं कुटुंब नाही. शेअर म्हणजे काय, रोखा म्हणजे काय, ते बाजारात कसे येतात, भाव कशाने हलतात, ब्रोकर काय करतो आणि त्याचे किती घेतो, हे एकापाठोपाठ एक, साध्या शब्दांत. अमुक शेअर घ्या असं कुठे नाही. हवी असेल तर हीच माहिती पुस्तिकेच्या रूपात फुकट पाठवू, एवढंच. एवढी लांब जाहिरात कोण वाचणार असं वाटावं, पण वाचकांच्या पत्रांचा ढीग लागला आणि ती पुढे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापत राहिले.

ती वाचणारी माणसं १९२९ च्या पडझडीत पोळलेली होती. शेअरबाजाराचं नाव काढलं तरी त्यांचा विश्वास बसत नव्हता. अशा माणसाला कंपनीने ‘विश्वास ठेवा’ असं म्हटलं नाही. त्याला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. वाचणाऱ्याला अक्कल आहे आणि वेळही आहे असं धरून चाललेली ती जाहिरात आहे. मी ती छापून बाबांना दिली तेव्हा त्यांनी भिंग घेऊन दोन दिवसांत वाचून काढली. शंका काढल्या, पेन्सिलीने खुणा केल्या. आणि हाच माणूस, ज्याला ६,००० शब्द वाचायचा कंटाळा नाही, त्याला शाखेत स्वतःच्या पैशांचे कागद घरी नेऊन वाचू दिले नाहीत. हे मी विसरू शकत नाही.

(मेरिल लिंचचंही पुढे तेच झालं. विश्लेषक ज्या शेअरांची लोकांकडे शिफारस करत होते, त्यांना आपसांतल्या ईमेलमध्ये कचरा म्हणत होते, हे उघड झाल्यावर २००२ साली न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलशी १० कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. २००८ च्या सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली त्याच शनिवार-रविवारी मेरिल बँक ऑफ अमेरिकेला विकली गेली. एंजलची जाहिरात यामुळे माझ्या लेखी लहान होत नाही.)

ब्रिटनमधल्या मिडलँड बँकेने ऐंशीच्या दशकात स्वतःला ‘ऐकणारी बँक’ म्हणवून घेतलं. ऐकणारी! बँकेने आपल्याविषयी काय सांगावं, तर आम्ही ऐकतो. १९९२ साली ती एचएसबीसी या बँकसमूहाकडे गेली आणि १९९९ मध्ये तिचं नावही उतरवलं गेलं. तिथल्याच नॅटवेस्टने १९८३ पासून बचत करणाऱ्या मुलांना चिनी मातीची डुकरं द्यायला सुरुवात केली. पाच जणांचं कुटुंब. शिल्लक वाढत जाईल तसं पुढचं डुक्कर मिळायचं आणि सगळ्यात मोठं मिळायला १०० पौंड लागायचे. त्याचं नाव सर नथॅनिएल वेस्टमिन्स्टर, बँकेच्याच नावावरून ठेवलेलं. तुम्ही साठवा, आम्ही देतो. दोन्हीकडे कर्ता आहे आणि सात वर्षांच्या मुलालाही कळेल असा करार आहे. त्या मुलांपैकी कुणी मोठं झाल्यावर, २००८ मध्ये, नॅटवेस्टच्या मालक बँकेला सरकारी पैशाने वाचवलेलं पाहिलं असेल, तेव्हा कपाटावरच्या त्या डुकराकडे बघून काय वाटलं असेल, असं माझ्या मनात येतं.

पण बाबांना विचाराल तर या सगळ्यांपेक्षा मोठी ओळ आपल्याकडची. १९५६ साली २४५ खासगी विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या ताब्यात घेऊन आयुर्विमा महामंडळ झालं आणि त्याने बोधवाक्य घेतलं गीतेतलं: ‘योगक्षेमं वहाम्यहम्’. दिव्याच्या ज्योतीभोवती धरलेले दोन तळवे आणि खाली ही तीन पदं. नाही ते मिळवून देणं हा योग, आहे ते राखणं हा क्षेम. बाबा मला लहानपणी समजावून सांगायचे, की संस्कृतात नुसतं ‘वहामि’ म्हटलं की ‘मी वाहतो’ असा अर्थ पुरा होतो. क्रियापदाच्या पोटातच ‘मी’ आहे. तरी पुढे ‘अहम्’ येतो. कर्ता दोनदा सांगितलेला आहे. भार मी वाहतो, मीच.

देवाचं वाक्य माणसांच्या संस्थेने घ्यावं का, हा वाद घालता येईल. पण घेतलं, आणि दोन वर्षांच्या आत त्याची परीक्षा झाली. महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या घरातले शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी खुली चौकशी केली. इतकी गर्दी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. ती खरेदी सचिवांनी केली, असं अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या बाजूने सांगितलं गेलं. छागलांनी ते मान्य केलं नाही. सचिवाने जे केलं त्याची जबाबदारी मंत्र्याची. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. सगळी चौकशी काही आठवड्यांत उरकली होती. पॉलिसीधारकांच्या पैशांच्या एका व्यवहाराचा कर्ता शोधायला एक न्यायमूर्ती बसले आणि त्यांनी तो शोधून दिला. बाबा हा प्रसंग व्याकरणाच्या तासाला सांगायचे. मुलांना गंमत वाटायची, सर कुठून कुठे गेले म्हणून. मला आता वाटतं, ते कुठेच गेले नव्हते, कर्त्यावरच होते.

आताच्या जाहिराती मी रोज हाताळते, त्यामुळे त्यांच्याविषयी अंदाजाने बोलत नाही. मागच्या वर्षभरात मी केलेल्या मथळ्यांची क्रियापदं एकदा बसून काढली. वाढवा. मिळवा. उघडा. निवडा. स्वप्न पाहा. मोकळे व्हा. पुढे चला. सगळी आज्ञार्थी. आज्ञार्थात कर्ता ‘तुम्ही’. कष्ट तुम्ही करायचे, निर्णय तुम्ही घ्यायचा, धाडस तुमचं, स्वप्न तुमचं. देणारा, राखणारा, वाहणारा कुणी त्या वाक्यात नाहीच. कंपनी दिसते ती फक्त कोपऱ्यातल्या बोधचिन्हात. आणि खाली अटी. तिथे सगळं ‘करण्यात येईल’, ‘आकारण्यात येईल’, ‘ग्राह्य धरण्यात येणार नाही’. मथळ्यासाठी तीन-तीन बैठका होतात, एकेका शब्दावर फोन येतात. अटींची आठ पानं संध्याकाळी येतात आणि सकाळी परत हवी असतात. बाबांच्या पत्रातली ती वाक्यं वाचताना मला वेगळं दुःख झालं, कारण ती भाषा माझ्या ओळखीची होती. अशी कितीतरी वाक्यं माझ्या हातून गेली आहेत.

वेल्स फार्गोचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १८५२ सालची अमेरिकन बँक, घोडागाडी हे तिचं चिन्ह. ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे लाखो खाती उघडल्याचं २०१६ मध्ये बाहेर आलं. वरून विक्रीचे आकडे पुरे करायचा रेटा होता. सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले, १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, प्रमुखाने पद सोडलं. मग २०१८ मध्ये बँकेने जाहिरात केली. तिच्यात जुने दिवस होते, घोडागाडी होती, आणि शेवटी: ‘स्थापना १८५२. पुनर्स्थापना २०१८.’ ही बँक जे मागत होती तेच मी त्या रात्री फाइल उघडून शोधत होते, म्हणून ती जाहिरात मी मन लावून पाहिली. दृश्यं सुंदर आहेत. पण शेवटची ओळ बघा. दोन नामं, दोन आकडे. खाती कुणी उघडली? चुकलं कुणाचं? पुन्हा उभं करणार कोण? हाउसमनच्या ओळीत ‘ते’ होते, मिडलँडच्या ओळीत ऐकणारी बँक होती. इथे आठवण मागितली आहे आणि कर्ता दिलेला नाही. त्या घोडागाडीवर गाडीवान दिसतो, वाक्यात मात्र नाही.

मला जुन्या जाहिरातींतला कागदाचा वास, हाउसमनचा बो टाय, हटनमुळे पडलेली ती शांतता, हे सगळं आवडतं आणि ते मी लपवणार नाही. पण त्यासाठी रात्री दोनपर्यंत कुणी जागत नाही. त्या ओळी वाचताना मला समोर माणूस बसलेला वाटतो. तो मला फसवेलही. फसवलं तर त्याच्या दारात जाऊन त्याचंच वाक्य त्याला वाचून दाखवता येईल. बाबांना त्या मुलाने तोंडी जे सांगितलं, ‘ठेवीसारखंच’, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि जे लिहिलेलं होतं त्यात वाचून दाखवण्यासारखं एकही वाक्य नव्हतं.

लोकपालांकडे पाठवायचा अर्ज बाबांनी स्वतः लिहिला. मी टाइप करून दिला, त्यातला एक शब्द बदलू दिला नाही. सुरुवात अशी आहे: ‘मी सही केली. न वाचता केली. ती चूक माझी. मला वाचू दिले नाही, ती चूक शाखेतील कर्मचाऱ्याची. त्याच्यावर महिन्याचा आकडा लादणारा कोण, हे शोधणे आपले काम आहे.’

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक नवं काम आलं. कंपनी वेगळी, बाबांच्या बँकेशी संबंध नसलेली. इंग्रजी ओळीचा अर्थ एवढाच होता, की पैसे सुरक्षित राहतील. मी मराठीत लिहिलं, ‘तुमचे पैसे आम्ही सांभाळतो.’ परत आलं तेव्हा ‘आम्ही’ आणि ‘सांभाळतो’ यांवर रेघ मारलेली होती आणि वर लिहिलं होतं, ‘तुमचे पैसे, सुरक्षित.’ सोबत एक ओळ: कायदा विभागाच्या सूचनेनुसार बदल करण्यात आला आहे.

मी फोन केला. पलीकडची मुलगी चांगली होती, तिने ऐकून घेतलं. म्हणाली, ‘ताई, तुमचं वाक्य छान आहे, पण ‘आम्ही’ म्हटलं की अंगावर येतं हो.’ मी म्हटलं, त्यासाठीच ते लिहिलं होतं. ती गप्प झाली. मग म्हणाली, उद्या छापायला जायचं आहे.

मी ‘ठीक आहे’ असं लिहून पाठवलं. ते मी लिहिलं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, काय काम चाललंय सध्या, तेव्हा दोन्ही वाक्यं मी त्यांच्यासमोर ठेवली.